कोको, चॉकलेट आणि लठ्ठपणा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



चॉकलेट खाल्ल्याने वजन उतरते, असे हल्ली पुष्कळांच्या कानावर येते. त्यात तथ्य किती, हे आज पाहू.

कोकोच्या बियांत फ्लॅव्हॅनॉल नावाची कडवट, तुरट द्रव्ये असतात. त्यांचे रेणू एकमेकांना जोडले गेले की प्रोसायनिडिन बनते. चरबी व पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसांचे काम ही द्रव्ये मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना १२ आठवडे भरपूर चरबीचा आहार दिला. त्यासोबत ज्यांना ठरावीक प्रकारचे प्रोसायनिडिन मिळाले, त्यांचे वजन कमी वाढले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो आशादायक खरा, परंतु उंदरांपुरता आहे. माणसाचा लठ्ठपणा यामुळे हटतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

शिवाय कोको म्हणजे चॉकलेट नव्हे. बिया आंबवताना, भाजताना आणि कडूपणा घालविण्यासाठी क्षारांची प्रक्रिया करताना ही द्रव्ये बरीच नष्ट होतात. मग त्यात साखर पडते. दुधाच्या चॉकलेटमध्ये साखर जवळपास निम्मी, आणि १०० ग्रॅममध्ये ५०० हून अधिक कॅलरी असतात!

२०१५ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने जगाचे डोळे उघडले. त्याने जर्मनीत अवघ्या १५ माणसांवर तीन आठवडे प्रयोग केला, १८ गोष्टी मोजल्या आणि चॉकलेटने वजन लवकर उतरते असे छापून आणले. इतकी मोजमापे घेतली की एखादे योगायोगाने जुळतेच. अनेक वृत्तपत्रांनी शहानिशा न करता ती बातमी दिली. ही मुद्दाम केलेली फजिती होती, हे त्याने नंतर स्वतःच जाहीर केले.

विद्यार्थी मित्रांनो, अशी बातमी वाचली की तीन प्रश्न विचारा: प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर? खर्च कोणी केला? इल्म म्हणजे केवळ पाठांतर नव्हे. पारख करणे हाही इल्मच आहे.

पालकांनो, फ्लॅव्हॅनॉलच्याच मोठ्या कुळातील द्रव्ये आपल्या जालन्याच्या मोसंबीतही आहेत. मोसंबीने लठ्ठपणा जातो, असा माझा दावा नाही. पण गाळलेल्या, साखर घातलेल्या रसापेक्षा फोडी खाल्लेल्या बऱ्या, कारण चोथा पोट भरतो. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि रोज तासभर मैदानावर खेळ, मुलांइतकाच मुलींनाही, हा मार्ग स्वस्त आणि खात्रीचा आहे. रमजानचे रोजे भुकेवर ताबा ठेवायला शिकवतात. ती शिकवण इफ्तारच्या तळलेल्या पदार्थांत बुडू देऊ नका.