औषधाआधी नमुना

संध्याकाळच्या धारा उरकून रेडिओपाशी बसला असाल. आज आपण जनावरांच्या आजारांबद्दल बोलू. पण औषधांबद्दल नाही, तर औषधाच्या आधी काय करायचं त्याबद्दल.

आमच्या एका गटातल्या ताईंनी गटाचं कर्ज काढून संकरित गाय घेतली. दुसऱ्या वेताला तिच्या एका सडाला दगडी झाली. कास टणक, दुधात गाठी. सडात ट्यूब सोडली, इंजेक्शनं झाली, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. असं तीनदा झालं, दर वेळी वेगळं औषध. औषध चालू असताना आणि त्यानंतरही काही दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, पण गटाचा हप्ता काही थांबत नाही. मीही बैठकीत म्हणाले होते, "ताई, अजून एक कोर्स करून बघा." चुकलंच माझं.

शेवटी डॉक्टरांनी दूध तपासायला पाठवलं. प्रयोगशाळेत दुधातले जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या लहान चकत्या ठेवतात. ज्या औषधाचा परिणाम होतो, त्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत. काही दिवसांनी अहवाल आला. आधी टोचलेल्या औषधांपैकी दोन त्या जंतूवर चालतच नव्हती! औषध बदललं, गाय सावरली, पण तो सड कायमचा आटला. पहिल्याच वेळी नमुना गेला असता तर कदाचित तोही वाचला असता.

म्हणून लक्षात ठेवा, नमुना औषध देण्याआधी घ्यायचा. औषध दिल्यावर घेतला तर जंतू नीट वाढत नाहीत आणि अहवाल फसतो. कास धुवून कोरडी करा. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. दवाखान्यातून आणलेली निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात धार घ्या, झाकण लगेच लावा. बाटलीवर गाईचा बिल्ला नंबर, सड आणि तारीख लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा.

घरीही एक सोपी चाचणी होते. 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. चारही सडांचं थोडं थोडं दूध चार वेगळ्या वाट्यांत घ्या, प्रत्येकीत तेवढंच हे पाणी घालून मिनिटभर हलवा. ज्या वाटीत ते घट्ट, चिकट होईल, त्या सडात बिघाड आहे असं समजा. दूध वरून चांगलं दिसत असलं तरी दगडीची सुरुवात अशी कळते. तपासलेलं दूध फेकून द्या.

आता दुसरी गोष्ट. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडली तर आपण काय करतो? पडलेला गाभ आणि वार उघड्या हातानं उचलतो आणि उकिरड्यावर टाकतो. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. गाभडण्यामागं ब्रुसेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो माणसालाही लागतो. मग चढउतार होणारा ताप, घाम, सांधेदुखी महिनोन्महिने पाठ सोडत नाही. तेव्हा हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका. डॉक्टरांना बोलवा. ते गाभाचा, वारेचा आणि गाईच्या रक्ताचा नमुना घेतील. नंतर सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. स्वतःला ताप आला तर दवाखान्यात आवर्जून सांगा, "आमची गाय गाभडली होती." दूध उकळूनच प्या. आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस एकदा टोचून घ्या.

तिसरं, कोंबड्या. मानमोडी म्हणजे राणीखेत आणि बर्ड फ्लू, दोन्हींत कोंबड्या पटापट मरतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला आणि 2021 साली परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, तेव्हा तो भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतरच पक्का झाला. म्हणून मेलेली कोंबडी कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. लगेच कळवा.

गाय, म्हैस, शेळी अचानक मेली आणि नाकातोंडातून काळसर रक्त आलं, तर फाशी रोगाची शंका धरा. तिला फाडू नका, सोलू नका. नमुना कसा घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

आपण स्वतः कुठं लांब जायची गरज नाही. गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना नमुना पुढं पाठवतो. मोठ्या तपासण्यांसाठी पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन विभागाची प्रयोगशाळा आहे. 1962 या क्रमांकावर फोनही करता येतो. नमुना दिल्यावर मात्र गप्प बसू नका. अहवाल कधी येणार ते विचारा आणि आला की तो जपून ठेवा.

आमच्या गटानं आता एक बर्फाचा डबा, हातमोजे आणि चिकटपट्ट्या घेऊन ठेवल्या आहेत. खर्च गटाच्या खात्यातून केला. तुमच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय जरूर घ्या. गोठ्यातली गाय आपल्या नावावर नसली, तरी तिचं दुखणं आपल्याच अंगावर येतं.