हौशी माणसाची हत्यारे



तेरमध्ये हत्यारांविषयी बोलायचे म्हणजे गोरोबाकाकांच्या थापटण्यापासूनच आरंभ करावयास हवा. संतमंडळींत कच्चे मडके कोणते, हे त्यांनी थापटण्याने पारखले, ही कथा आपण जाणताच. हौसेने संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यालाही असेच थापटणे लागते.

माझा घरचा सरंजाम साधा आहे. एक जुना संगणक, त्यावर लिनक्स. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली हौसेखातरच लिहावयास घेतले. मजकूर लिहिण्यास व्हिम, भाषा पायथन, आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्यास गिट; तेही टॉरवाल्ड्स यांनीच २००५ साली रचले. यांपैकी एकासही पैसा पडत नाही. तेव्हा महाग यंत्र घेऊन देता येत नाही, म्हणून पालकांनी खंत करू नये.

थापटणे मात्र हवेच. समजा, आपण दिनदर्शिकेची आज्ञावली लिहिली. तिला २१०० सालचा फेब्रुवारी विचारावा. चारने भाग जातो एवढेच पाहून तिने २९ दिवस सांगितले, की मडके कच्चे! शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो.

कच्चे ठरल्यावर नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केले. आपणही थापटण्यावर रागावू नये. मडके पुन्हा भट्टीत घालावे.