'दीनबंधू' आणि आपण



पुण्याच्या वृत्तपत्रांचा विषय निघाला की आपल्याला 'केसरी' आठवतो. 'केसरी' निघाला १८८१ साली. त्याच्या चार वर्षे आधी, जानेवारी १८७७ मध्ये, याच पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधू' सुरू केला. भालेकर भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. शेतकरी व कारागीर यांची बाजू त्यांच्यातल्याच माणसाने मांडावी, हा या पत्राचा हेतू.

हेतू थोर, पण अडचण मोठी. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांतील बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती. वाचक थोडे, वर्गणी भरणारे त्याहून थोडे. पुण्यात पत्र चालेना. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन पुन्हा उभे केले. याच लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले दोन भाग 'दीनबंधू'ने छापले, पुढचे छापले नाहीत. फुल्यांना त्याचा राग आला आणि त्यांनी तो लिहूनही दाखविला. आपल्या माणसांच्या पत्रालाही सगळे सत्य पेलतेच असे नाही. म्हणून वाचकाने जागे राहिले पाहिजे.

पालकहो, आपले म्हणणे कोणी छापत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी नाही. पण पत्र केवळ संपादकावर चालत नाही. ते वाचणाऱ्यावर आणि वर्गणीदारावर चालते. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचे मर्म इथेच आहे. वाचणारेच नसतील, तर लिहिणाऱ्याचा आवाज पोहोचणार कुणापर्यंत?

तेव्हा एवढेच करा. घरात एक तरी वृत्तपत्र घ्या. संध्याकाळी मुलाकडून, आणि मुलीकडूनही, ते मोठ्याने वाचून घ्या. आजी ऐकेल, शेजारी ऐकतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, वाचलेले पटले नाही तर संपादकाला पत्र लिहा, खाली आपले नाव घाला. दहावीनंतर मुलीची शाळा सोडविण्यापूर्वी मात्र पालकांनी भालेकरांचे ते बंद पडलेले पत्र एकदा आठवावे.