गॅस : स्वयंपाकघरातला, गोठ्यातला आणि टाकीतला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी एकीने काही बोलायचे, असा मंडळाचा रिवाज आहे. यंदा पाळी माझी आली. सातवी शिकलेल्या बाईने शास्त्राच्या विषयावर बोलावे हे धाडसच. पण ज्या वस्तूला आपण दिवसातून चार वेळा हात लावतो, तिची थोडी ओळख असलेली बरी, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मुलखात गॅस आला तो आधी दिव्यासाठी. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढीत. स्वयंपाकाचा सिलिंडर मुंबईत आला तो १९५० नंतरच्या दशकात. पुढे १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल आणि वायू सापडला, आणि उरणच्या कारखान्यात त्या वायूतून आपला गॅस वेगळा काढू लागले. खेड्यापाड्यांत तो पोचायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे लागली. माझ्या आईचा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला. तिचे डोळे कायम लाल असत. आम्हाला वाटे, आईचे डोळे असेच असतात.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. काही वर्षे झाली. दिवेलागणीला मी नवा सिलिंडर जोडला आणि गोठ्यात गेले. परत आले तो स्वयंपाकघरात अंधार आणि उग्र वास. काय झाले ते बघावे म्हणून मी दिव्याचे बटन दाबले. वीज गेलेली होती. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "थांब, मी निरांजन लावते." त्यांनी काड्याची पेटी हातात घेतली, तेवढ्यात विरजण मागायला आलेल्या जाऊबाई मागल्या दारातूनच ओरडल्या, "आत्याबाई, काडी ओढू नका! गॅस सुटलाय!" मग आम्ही रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि अंगणात जाऊन बसलो. सासूबाईंच्या हातात ती पेटी तशीच होती. वीज असती, किंवा जाऊबाईंकडे विरजण असते, तर आज मी तुमच्यापुढे उभी नसते.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर आणून देणारा मुलगा आला. त्याने दाखवले की, तोंडातली रबराची चकती झिजलेली होती. ती जोडण्याआधी बघायची असते, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. त्या दिवशी मी त्याला चहा देऊन सगळे विचारून घेतले.

हा गॅस सिलिंडरमध्ये दाबाखाली पातळ होऊन राहतो. बाहेर आला की अडीचशे पटींच्या आसपास फुगतो, म्हणून एवढ्याशा गळतीने खोली भरते. तो हवेपेक्षा जड आहे, वर न जाता जमिनीवर पसरतो. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचे, आणि विजेचे कुठलेही बटन लावायचे नाही व बंदही करायचे नाही, कारण बटनात बारीक ठिणगी पडते. गळती शोधायची तर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतात. काडी लावून कधीही बघू नये. आणि गंमत अशी की, या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला कळावे म्हणून त्यात वासाचे औषध मुद्दाम मिसळलेले असते.

धंद्यापाण्यातही गॅस आहेच. सोलापूर रस्त्यावरचे ढाबे १९ किलोच्या सिलिंडरवर चालतात. वेल्डिंगच्या दुकानात लोखंड कापायला ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन लागतो. आणि आपल्या गोठ्यातही एक गॅस येतो, तो पुष्कळजणींच्या ध्यानात नसेल. शेजारी उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ संस्था काढली आणि संकरित गाईंचे मोठे काम उभे केले. गाय भरवायला डॉक्टर येतात तेव्हा भांड्याचे झाकण काढताच पांढरा धूर निघतो ना? तो धूर नव्हे. आत हवेतलाच नायट्रोजन उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून पाण्यासारखा पातळ केलेला असतो. त्यात रेतनाच्या कांड्या वर्षानुवर्षे टिकतात.

त्याच गाईच्या शेणापासून गोबरगॅस होतो. शेणकाला हवाबंद खड्ड्यात कुजला की त्यातून मिथेन निघतो, तो चुलीला आणि उरलेली मळी शेताला. आपल्याच जिल्ह्यात देहूला डॉ. मापुसकर यांनी एक पाऊल पुढे टाकले. गावात संडास व्हावेत म्हणून त्यांनी जन्मभर खपून लोकांची मने वळवली, आणि संडासाच्या मैल्यापासूनही गॅस करून दाखवला. त्यांच्या मागे, २०१७ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याला आपण नाक मुरडतो त्यातून चूल पेटते, हे त्या डॉक्टरांनी शिकवले.

पण भगिनींनो, आज मला खरे बोलायचे आहे ते यापुढचे. गोबरगॅसच्या खड्ड्यात जे घडते, तेच आपल्या घरामागच्या संडासाच्या टाकीतही घडते. तिथला वायू कुठल्या नळीने चुलीला जात नाही, आतच साठतो. त्यात मिथेन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा एक विषारी वायू असतो. तो फार झाला की माणसाचे नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे उतरणाऱ्याला वाटते, आणि तिथेच घात होतो. शिवाय आत श्वासाला पुरेसा ऑक्सिजन नसतो. पूर्वी विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघत. टाकीत तेही चालत नाही, कारण मिथेन पेटतो.

२ मार्च २०२२ रोजी आपल्याच कदमवाकवस्तीत टाकी साफ करताना चार माणसे गुदमरून गेली. आपण सगळ्यांनी ते ऐकले, हळहळलो. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण त्याआधी दोन वर्षे माझ्या घरची टाकी भरली होती, तेव्हा दोन माणसे मीच बोलावली होती. त्यांनी सांगितलेल्या पैशांतून शंभर रुपये मीच कमी करून घेतले. त्यांतला एक बादली घेऊन आत उतरला, आणि मी ओसरीवर गहू निवडत बसले. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे माझ्या आईसारखे लाल होते. मी त्याला लांबूनच चहा दिला. तो जिवंत वर आला यात माझे काही पुण्य नाही. त्याच्याही घरी बायको असेल, तिने त्या दिवशी स्वयंपाक करून वाट पाहिली असेल. आपल्या मुलींना शिकवायचे ते हेच, असे मला आता वाटते.

२०१३ च्या कायद्याने माणसाला असे साधनांवाचून टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही. आणि टाकी भरल्याची हाक बहुधा घरातली बाईच मारते, म्हणून हे काम आपल्याच हातात आहे.

माझी मंडळाला विनंती आहे की, या वर्षी आपण तीन गोष्टी पाळू. सिलिंडर जोडण्याआधी रबराची चकती बघायची, आणि नळीवर छापलेली तारीख उलटली की नळी बदलायची. गळती झाली तर १९०६ हा क्रमांक घरातल्या पोरांनाही पाठ असू द्यावा. आणि टाकी उपसायची ती यंत्राच्या गाडीनेच, माणूस उतरवायचा नाही. कोणी आत पडलाच तर त्याच्या मागे दुसऱ्याने उडी घेऊ नये, अग्निशमन दलाला बोलवावे. मागून वाचवायला उतरणारेच अशा वेळी जास्त जातात.

गाडीला पैसे जास्त पडतात हे मला ठाऊक आहे. आपण आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलावली तर ते जड जाणार नाही. माझ्या आळीची यादी मी करायला घेतली आहे. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी हळदीकुंकू झाल्यावर मला भेटावे.