संकलक ते दिग्दर्शक : हृषीकेश मुखर्जी



चित्रपट पाहून घरी परतताना आपण नटनट्यांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो, क्वचित दिग्दर्शकाचेही नाव घेतो. संकलकाचे नाव मात्र सहसा कुणाच्या ओठांवर येत नाही. नको असेल ते कापून टाकणारा एक कारागीर, एवढीच त्याच्याविषयी आपली कल्पना. हृषीकेश मुखर्जी यांचे उदाहरण आज मी घेतले आहे ते हीच कल्पना तपासून पाहण्यासाठी. कापणे हे संकलकाचे निम्मे काम झाले. कशापुढे काय जोडावयाचे हे ठरवणे, ही त्याची खरी विद्या.

जुन्या पद्धतीत ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट या वेगाने यंत्रातून पुढे सरके आणि पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे उमटत. त्या फितीचे शेकडो तुकडे आकड्यांवर लटकावून संकलक अंधाऱ्या खोलीत बसलेला असे. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाच्या नावावर सांगितला जाणारा प्रयोग आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. पाहणाऱ्यांना पहिल्या वेळी त्यात भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक. चेहरा तोच होता!

हृषीदांचा जन्म १९२२ साली कलकत्त्यास झाला. विज्ञानाचे शिक्षण, काही काळ शिक्षकी, मग न्यू थिएटर्समध्ये प्रथम कॅमेऱ्यापाशी व पुढे सुबोध मित्र यांच्या हाताखाली संकलनात, असा त्यांचा प्रवास. बिमल रॉय मुंबईस आले तेव्हा हेही त्यांच्याबरोबर आले. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) चे संकलन त्यांचे आणि पटकथाही त्यांचीच. त्यातील रिक्षाचा प्रसंग आठवा. गिऱ्हाईक जादा पैशांचे आमिष दाखवून आणखी पळ म्हणते आणि बलराज साहनी धावत सुटतात. पाय, चाक, चेहरा असे तुकडे एकमेकांवर आदळू लागतात, आणि चाक निखळण्याच्या आधीच आपला श्वास अडकलेला असतो. ही किमया एकट्या नटाची नव्हे.

१९५७ साली ‘मुसाफिर’ घेऊन ते दिग्दर्शक झाले. भाड्याचे एकच घर आणि त्यात पाठोपाठ राहून गेलेल्या तीन बिऱ्हाडांच्या तीन कथा. ही कल्पनाच मुळी संकलकाची आहे! चित्रपट चालला नाही. तथापि ‘अनाडी’ (१९५९) ने यश दिले आणि ‘अनुराधा’ (१९६०) ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक.

पण मला बोलावयाचे आहे ते ‘आनंद’ (१९७१) विषयी. त्याचे संकलनही त्यांनी स्वतःच केले. चित्रपट सुरू होतो तो डॉक्टर भास्करच्या पुस्तकाला पारितोषिक मिळते तेथून. म्हणजे आनंद या जगात नाही, हे आरंभीच कळते. दुसरा एखादा दिग्दर्शक हे गुपित शेवटपर्यंत जपून ठेवता. हृषीदांनी ते पहिल्याच घासाला वाढून टाकले. आपल्या कीर्तनकारांना हे मर्म फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हरिश्चंद्राचे राज्य जाणार हे कोणाला माहीत नसते? तरीही श्रोता आख्यानाला बसतो आणि डोळे पुसतो. आनंदचा प्रत्येक विनोद आपण त्याच्या मरणाच्या शेजारी ठेवून पाहतो. हसतो, आणि हसता हसता गलबलतो. शेवटी तर भास्कर बाहेर गेला असताना आनंद प्राण सोडतो. भास्कर परतून त्याला बोल, बोल म्हणून विनवतो, आणि ध्वनिफितीवर पूर्वी मुद्रित झालेला आनंदचाच आवाज खोलीत उमटतो. काल टिपलेला आवाज आजच्या निश्चल देहाशी जोडला, की काय होते ते तुम्ही अनुभवले आहे.

विनोदातही तेच. ‘गोलमाल’ (१९७९) मध्ये अमोल पालेकर थापा मारतात. पण हशा पिकतो तो ऐकणाऱ्या उत्पल दत्तांच्या चेहऱ्यावर. त्या चेहऱ्याकडे नेमके केव्हा वळावयाचे, हे ज्याला कळले त्याला विनोद कळला.

सगळेच गोड बोलण्याचे कारण नाही. ‘बावर्ची’ (१९७२) सारख्या चित्रपटात उपदेश जरा अधिक होतो; चित्राने करावयाचे काम संवादांवर सोपवलेले दिसते. कॅमेरा दिवाणखान्यातून फारसा बाहेर पडत नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. मात्र त्यांचे चित्रपट ‘साधे’ म्हणून जे बाजूला सारतात, त्यांनी जोड शोधून दाखवावेत. ते सापडत नाहीत, इतके ते सफाईने बसवलेले आहेत.

१९९९ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २००६ साली ते मुंबईत निवर्तले. पण दिग्दर्शक म्हणून नाव झाल्यावरही त्यांनी कात्री खाली ठेवली नव्हती. मल्याळम ‘चेम्मीन’ (१९६५) च्या संकलनात त्यांचा हात होता, ‘दस्तक’ (१९७०) चे संकलन त्यांचे होते, आणि मनमोहन देसाईंच्या ‘कुली’ (१९८३) वरही संकलक म्हणून त्यांचेच नाव आहे. अमिताभ बच्चन ज्या मारामारीत जखमी झाले, तो क्षण त्या चित्रपटात पडद्यावर थिजून उभा राहतो.