आधी माती ओळखा

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.

मायबाप श्रोतेहो, आज कार्तिकी. दिवाळीचा पाडवा होऊन दहा दिवस झाले. तुम्ही इथं चंद्रभागेच्या वाळवंटात बसला आहात, पण घरी अंगणात पोरांनी केलेला किल्ला अजून उभा असेल. त्यावर पेरलेलं अळीव उगवून आता पिवळं पडलं असेल. आणि किल्ल्यावर मांडलेली ती चित्रं! मावळे, घोडेस्वार, गवळण, मेंढ्या, टाळकरी, विणेकरी. ती आता कागदात गुंडाळून डब्यात जायची. पुढच्या दिवाळीला पुन्हा निघायची.

काल आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 38 व्या श्लोकापाशी थांबलो होतो. ज्ञान कसं झाकलं जातं, याचे भगवंतांनी तीन दृष्टांत दिले. धुरानं विस्तव झाकतो. मळानं आरसा झाकतो. वारेनं गर्भ झाकतो. काल कीर्तन सुटल्यावर एका माउलींनी मला गाठलं. म्हणाल्या, "महाराज, झाकण्याची गोष्ट एकच. मग दृष्टांत तीन कशाला? एक पुरला नसता का?" प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर टीकाकारांनी दिलेलंच आहे. पण मला ते पटलं एका पत्र्याच्या डब्यामुळं. तो डबा आज तुमच्यापुढं उघडतो.

मागं एका गावी सप्ताह होता. आश्विनातले दिवस. काल्याच्या आदल्या रात्री एक सूनबाई बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. म्हणाली, "महाराज, सासूबाई फाल्गुनात गेल्या. त्यांची ही चित्रं." झाकण काढलं. आत वीस-बावीस चित्रं. पण चेहरा म्हणून एकाला नाही! नुसते रंगाचे गोळे.

झालं होतं असं, की सासूबाई दर दिवाळीला सगळी चित्रं नव्यानं रंगवायच्या. रंग कुठला? घराच्या दाराखिडक्यांना लावून डब्याच्या तळाशी उरेल तो ऑइलपेंट. एका वर्षी दार हिरवं झालं, तर धनगर हिरवा आणि त्याच्या मेंढ्याही हिरव्या! (हशा) हसू नका, माय माउलीची सेवा होती ती. पण चाळीस वर्षं थरावर थर चढला. नाकडोळे बुजले, टाळ हातात विरघळले, घोड्याची आयाळ गेली.

सूनबाई म्हणाली, "हे म्हणतात, टाकून दे, बाजारात नवी मिळतात. मला मात्र यांचे चेहरे बघायचेत. सासूबाईंनी मला कधी ब्रश हातात धरू दिला नाही. आज रात्री उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकते आणि सगळी बुडवून ठेवते. सकाळी रंग सुटेल ना?"

मी म्हटलं, "थांब." जरा मोठ्यानंच म्हटलं. ती दचकली. कारण, मायबापहो, अशी एक रात्र माझ्या हातून होऊन गेलेली आहे.

मी दहा वर्षांचा होतो. माझा थोरला भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. हातात कला होती त्याच्या. कुंभाराकडून शाडू आणून त्यानं एक वितीएवढा विणेकरी केला होता. विण्याच्या दांडीला आत तार, डोईला पांढरं पागोटं, कपाळी बुक्का. त्याच पावसाळ्यात दादा विषमज्वरानं गेला. आईनं तो विणेकरी देवघराच्या कोनाड्यात ठेवला. समईच्या काजळीनं तो काळा झाला, रंगाचे पोपडे निघाले. मला वाटलं, दिवाळीला आपण हा स्वच्छ करावा, नवा रंग द्यावा, आईला बरं वाटेल. वडील समई गरम पाण्यात सोडा घालून साफ करायचे, ते मी पाहिलं होतं. रात्री सगळे निजल्यावर पातेल्यात गरम पाणी घेतलं, सोडा टाकला आणि विणेकऱ्याला त्यात निजवलं.

सकाळी पाहतो तर पाण्यावर रंगाचे पापुद्रे तरंगताहेत. तळाशी चिखल. चिखलात ती एक तार.

आई आली. मला वाटलं, आता मारेल. मारलं नाही तिनं. पातेल्यापाशी बसली. वरचं पाणी हळूहळू निथळून काढलं आणि तळाची सगळी माती तुळशीवृंदावनात घातली. मग एवढंच म्हणाली, "अरे, हात लावण्याआधी विचारायचं तरी होतंस, कशाचा आहे तो."

विठ्ठल विठ्ठल. (गजर)

शाडूचं चित्र भाजलेलं नसतं, नुसतं वाळवलेलं असतं. पाणी लागलं की ते पुन्हा माती होतं. माझा हेतू चांगला होता. सोडाही चांगलाच होता, समई त्यानं लखलखीत व्हायची. चुकलं ते एवढंच, की ज्याला धुतो तो कोण आहे, हे मी विचारलं नाही.

म्हणून त्या रात्री आम्ही मंडपात सतरंजीवर बसलो आणि डब्यातल्या चित्रांचे तीन ढीग केले. कसे ओळखले? हातात घेतलं की पितळ जड आणि गार लागतं, नखानं टिचकी मारली की टणकारतं. लाकूड हलकं आणि आवाजाला बसकं. मातीचं असेल तर बुडाशी, जिथं रंग लागलेला नसतो, तिथं पाण्याचा एकच थेंब लावायचा आणि बोट फिरवायचं. बोटाला चिखल आला तर कच्ची माती. थेंब नुसता शोषला, बोट स्वच्छ राहिलं, तर भाजलेली. पांढरी भुकटी आली तर प्लास्टर, त्यालाही पाण्यात बुडवायचं नाही.

पहिला ढीग पितळेचा. घोडेस्वार होते ते. म्हटलं, यांना खुशाल भिजव. गरम पाणी, धुण्याचा सोडा, रात्रभर. भांडं स्टीलचं घे, ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको. हातात रबरी मोजे घाल. सकाळी रंग सालीसारखा सुटतो. कानाकोपऱ्यातला जुन्या दातांच्या ब्रशनं आणि बांबूच्या काडीनं काढ. सुरी नको, तारेचा ब्रश नको. हा झाला विस्तव आणि धूर. धूर विस्तवाच्या वर असतो, आत शिरत नाही. वारा आला की गेला. काही जीव असे असतात. संतांचं एक वाक्य कानी पडतं आणि वरचं सगळं उडून जातं.

दुसरा ढीग लाकडाचा. गवळण, बैलजोडी. लाकूड भिजवलं तर फुगतं, वाळताना तडकतं. रंग त्याच्या रेषांत मुरलेला असतो. तिथं कापसाच्या बोळ्याला थोडं थिनर, एका वेळी नखाएवढी जागा, मऊ झालेला रंग काडीनं उचलायचा आणि पुसायचं. हे काम उघड्या ओट्यावर करायचं, आणि जवळ समई, निरांजन, उदबत्ती काही नको, थिनर भडकतं. महिना लागेल म्हटलं. हा झाला आरसा. आरशाचा मळ फुंकरीनं जात नाही, रोज थोडं पुसावं लागतं. तुमचीआमची गत ही. म्हणून रोज हरिपाठ, म्हणून दर वर्षी वारी. एका वारीत सगळं निघत नाही, महाराज.

आणखी एक सांगितलं, तुम्हीही ऐका. जुना रंग कोरडा खरवडायचा नाही, सँडपेपर मारायचा नाही. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. आपण देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूरही शिशाचाच. त्याची धूळ पोरांच्या पोटात गेली तर अपाय करते. म्हणून ओलं करून काढायचं, निघालेले पोपडे कागदात बांधून लांब टाकायचे, पोरांना दूर ठेवायचं.

तिसरा ढीग कच्च्या मातीचा. टाळकरी, मृदंगी, धनगर. सूनबाईनं विचारलं, "यांना काय लावू?" म्हटलं, काही नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटक, कापसात ठेव. ती म्हणाली, "मग यांचे चेहरे?" तिला म्हटलं, या रंगाच्या थरानंच यांना चाळीस पावसाळे दमटपणापासून राखलंय. वार गर्भाला झाकते हे खरं, पण त्याला पोसते कोण? वारच ना? वेळ भरण्याआधी ती फाडली तर हाती काय येईल? तिथं वाट पाहणं हाच उपाय.

आता कळलं दृष्टांत तीन का? झाकण दिसायला एक, पण झाकलेला वेगळा, म्हणून उपाय वेगळा.

2022 साली वणीला सप्तशृंगी मातेच्या अंगावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर उतरवला, तेव्हा दर्शन बंद ठेवून, जाणत्या लोकांच्या हातून, बेतानं काम झालं. आतलं रूप पाहून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. तिथं कोणी उत्साहानं छिन्नी घेऊन धावलं असतं तर? देवाच्या बाबतीत आपण एवढं जपतो. माणसाच्या बाबतीत? घरात पोरगा बिघडला की आपण उकळतं पाणी ओततो. चार लोकांत बोलतो. एखादा त्यानं सुधारतोही, तो पितळेचा असतो. दुसरा त्याच शब्दांनी विरघळून जातो आणि सकाळी आपल्या हाती चिखल येतो. शब्द खरा होता, हेतू चांगला होता, असं मग म्हणत बसायचं. बाबांनो, आधी माती ओळखा. सद्गुरू कशाला लागतो? मळ दिसतो सगळ्यांनाच. आत कोण आहे हे त्याला दिसतं.

पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो. सूनबाई डबा घेऊन आली, बरोबर नवराही. घोडेस्वार लखलखीत. मिशा दिसल्या, लगामाची कडी दिसली. मी म्हटलं, आता चिंचेनं रोज घासू नको, घासून घासून देवांची नाकं जातात.

गवळण अर्धीच पुसलेली होती. विचारलं, का थांबलीस? म्हणाली, "महाराज, दाराचा हिरवा निघाला, खिडकीचा निळा निघाला आणि खाली गुलाबी लागला. हा गुलाबी घरात कुठंच नाही. ह्यांना दाखवला." नवरा खाली बघून म्हणाला, "माझ्या पाळण्याचा रंग तो." टाकून दे म्हणणारा हाच! म्हणाली, "मग पुढं माझा हात चालेना. एवढा गुलाबी ठेवलाय."

आणि मातीतला एक टाळकरी तिनं माझ्या हातावर ठेवला. सासूबाईंनी शेवटच्या दिवाळीला रंगवलेला. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, तर डोळा गालावर काढलेला. म्हणाली, "याला धूळसुद्धा नाही लागू देत. यंदा पहिल्यांदा मी ब्रश धरला, पण याला नाही लावला."

मायबापहो, पांडुरंगापुढं आपण असेच उभे राहतो, अंगावर दहा थर, डोळा गालावर. तो कुणाला खरवडत नाही. त्याला आतलं ठाऊक आहे. पाण्यात कुणाला घालायचं, पुसायचं कुणाला आणि कापसात कुणाला ठेवायचं, ते त्याच्यावर सोपवा. आपण नाम घ्या. नामानं पितळ उजळतं, लाकूड तडकत नाही, आणि कच्ची माती विरघळत नाही.

म्हणा, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.