लेकराची पहिली गिटार

(सुवर्णमहोत्सवी वर्षात पालकांच्या सभेपुढे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त बालगायकवृंद उभारण्याचे आपण ठरविले, तेव्हापासून एकच प्रश्न आमच्या दारी वारंवार येत आहे : "फादर, मुलाला गिटार शिकायची आहे. थोडक्या पैशांत कोणती घ्यावी?" धर्मगुरूने व्यासपीठावरून बाजारहाटाविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि या बाबतीत आमच्या हातून एकदा एका लेकराचे नुकसान झालेले आहे. ते आपणांपुढे कबूल केल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सात वर्षांचा एक मुलगा दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर गायकवृंदापाशी येऊन उभा राहत असे. त्याची दृष्टी गिटारीवरून ढळत नसे. त्याची ती आवड पाहून आम्ही सामानाच्या खोलीत पडून असलेली एक जुनी गिटार पुसूनपासून त्याच्या हवाली केली. ती मोठ्या माणसाच्या मापाची व पोलादी तारांची होती. फुकट मिळाली म्हणून आईबापही संतोषले. दोन महिन्यांनी मुलाने ती परत आणून दिली. त्याच्या बोटांची टोके सोलली होती. ती आम्ही पाहिली, आणि तरीही त्याच्या आईदेखत बोलून गेलो, "बाळा, तुझ्यात चिकाटी नाही." पुढे एका जाणत्या वादकाने तीच गिटार हाती घेतली व म्हटले, "फादर, दांडी वाकली आहे. या तारा मलासुद्धा दाबवत नाहीत." आम्ही मुलाची क्षमा मागितली तेव्हा तो कॉलेजात जाऊ लागला होता. तो हसून म्हणाला, "मला वाटलं, माझीच बोटं वाईट आहेत." वाद्य त्याने पुन्हा हाती धरले नाही.

बंधुभगिनींनो, वाईट वाद्याचा मोठा अपराध हाच, की ते आपला दोष लेकराच्या माथी मारते. आणि लेकरू निमूटपणे तो खरा मानते. म्हणून आम्ही सांगतो : स्वस्त गिटार घेण्यात काही कमीपणा नाही, पण स्वस्त आणि वाईट यांतील भेद ओळखलाच पाहिजे.

पहिली गोष्ट मापाची. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, म्हणजे दोन वर्षे पुरतो. हा शहाणपणा गिटारीस लावू नये. सैल सदऱ्यात मूल धावू शकते. परंतु मोठ्या गिटारीवर त्याचा हात पहिल्या सुरापर्यंत पोहोचतच नाही. पूर्ण मापाच्या गिटारीत तारेची वाजती लांबी साधारणतः ६५० मिलिमीटर असते. पाऊण मापाच्या गिटारीत ती सुमारे ५८०, अर्ध्या मापात सुमारे ५३० व पाव मापात ४८० च्या आसपास असते. 'अर्धी' म्हणजे लांबीने निम्मी नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. चार ते सहा वर्षांच्या मुलास पाव, सहा ते आठ वर्षांच्या मुलास अर्धी, नऊ ते अकरा वर्षांच्या मुलास पाऊण, हा ढोबळ नियम होय. पण मुलाच्या वयापेक्षा त्याचा हात पाहावा. यास्तव मुलाला दुकानात बरोबर न्यावे, खुर्चीवर बसवावे, डाव्या पायाखाली घरच्या पाटाएवढा आधार द्यावा व गिटार मांडीवर ठेवावी. उजवा खांदा वर चढू नये. डावा हात ताठ न होता दांडीच्या टोकापर्यंत जावा.

दुसरी गोष्ट तारांची. लहान मुलास नायलॉनच्या तारांचीच गिटार द्यावी. पूर्ण मापाच्या गिटारीवर पोलादी तारांच्या संचाची एकूण ओढ सुमारे ७० किलो असते, नायलॉनची सुमारे ४० किलो. कोवळ्या बोटांस हा फरक केवढा, हे आम्ही त्या मुलाच्या हातावर पाहिले आहे. मात्र नायलॉनच्या गिटारीवर पुढे कोणी हौसेने पोलादी तारा चढवू नयेत. त्या ओढीने घोडी उखडून येते.

तिसरी गोष्ट तारांच्या उंचीची. दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांस वादक फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी शाळेची साधी पट्टी उभी धरून पाहावे. पूर्ण मापाच्या नायलॉनच्या गिटारीत बारीक तार फ्रेटपासून सुमारे ३ मिलिमीटर व जाड तार सुमारे ४ मिलिमीटर वर असते. लहान गिटारीत याहून अधिक अंतर असू नये. तसेच दांडीच्या कडेवरून हात फिरवावा. फ्रेटची टोके बोचत असतील तर ती गिटार परत ठेवावी.

चौथी गोष्ट सुराची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. तार मोकळी छेडावी, मग तेथे दाबून छेडावी. तोच सूर एक सप्तक वर ऐकू आला पाहिजे. न आल्यास कितीही खुंट्या पिळल्या तरी ती गिटार सुरात लागणार नाही. आपला कान तयार नसेल तर गायकवृंदातील कोणास बरोबर न्यावे. असे सोबत जाण्यास त्यांच्यापैकी कोणी नाही म्हणणार नाही. नव्या नायलॉनच्या तारा मात्र पहिले काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात. तो दोष नव्हे. रोज सूर लावीत जावे.

या चार गोष्टींपलीकडे झिलई, नक्षी, भडक रंग यांसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये. आजच्या स्पॅनिश गिटारीस आकार देणारे अल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार अशी घडविली, की तिची पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या आणि केवळ दर्शनी फळी उत्तम लाकडाची होती. आवाज मुख्यतः त्या फळीतून निघतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. स्वल्प किंमतीच्या गिटारीत ही फळी बहुधा प्लायवूडची असते. तिचा नाद थोडा उणा असतो. पण आपल्या वसईच्या पावसाळी दमटपणात ती अखंड लाकडापेक्षा अधिक टिकते. पहिल्या दोन वर्षांस ती पुरेशी आहे. गिटार भिंतीच्या ओलीस टेकवून ठेवू नये, उन्हात उभ्या मोटारीतही नको.

आम्ही अलीकडे चौकशी केली तेव्हा तीन-चार हजार रुपयांत मुलांच्या मापाची नवी गिटार मिळत होती. मरीन लाइन्स स्थानकावर उतरून धोबीतलावास पायी जाता येते. तेथे वाद्ये हाताळून पाहता येतात. त्याहून स्वस्त व उत्तम मार्ग म्हणजे ज्या घरातील मूल वाढले, त्या घरी विचारणे. खेळण्याच्या दुकानातील रंगीत गिटार मात्र घेऊ नये. तिला सूर नसतो, आणि बेसूर ऐकून तयार झालेला कान पुढे दुरुस्त करणे कठीण जाते. घरी आणल्यावर मुलाकडून रोज दहा-पंधरा मिनिटे वाजवून घ्यावे, आणि शक्य तर त्या वेळी आपण जवळ बसावे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, देवळात गिटार कशाला? त्यांचे म्हणणे निराधार नाही. १९०३ साली परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी ऑर्गनखेरीज इतर वाद्यांवर कडक मर्यादा घातल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनचा मान कायम ठेवूनच उपासनेस शोभणाऱ्या इतर वाद्यांस वाट मोकळी केली. पण त्याही पूर्वी, १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी योसेफ मोर नावाच्या तरुण साहाय्यक धर्मगुरूने गिटारीवर साथ करीत, फ्रान्झ ग्रूबर यांच्यासह जे गीत प्रथम गाईले, तेच 'शांत रात्र' म्हणून आज जगभर गाईले जाते. मोर यांची गिटार हालाइन येथील संग्रहालयात आजही जपलेली आहे.

शेवटी एक विनंती. या महोत्सवी वर्षात आपण पुष्कळ वस्तू देवळास अर्पण करीत आहात. त्यांत अर्ध्या मापाच्या दोन व पाऊण मापाची एक अशा तीन गिटारी असाव्यात, असे आमच्या मनात आहे. एका मुलास मोठी लागू लागली की लहान गिटार दुसऱ्याच्या हाती जाईल, आणि ज्या घरी पैशाची ओढ आहे तेथील लेकरूही शिकेल. त्यांपैकी पहिली गिटार आम्ही स्वतः घेतली आहे. ती देण्यापूर्वी बाराव्या फ्रेटपाशी पट्टी लावून पाहिली, आणि आमच्या स्वतःच्या बोटांनी प्रत्येक तार दाबून पाहिली. हे काम आम्ही त्या वेळी करावयास हवे होते.

परमेश्वर आपणांस व आपल्या लेकरांस आशीर्वाद देवो.